ॲड्रेनालिन एकच, मग हृदय धडधडतं आणि श्वासनलिका सैल का पडते?

प्रश्न असा आला आहे: "मी सोलापुरात बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲड्रेनालिन हा एकच रेणू हृदयाला धडधडायला लावतो, श्वासनलिका सैल करतो आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतो. एका निरोपाचे तीन अर्थ कसे? घरचाही एक मुद्दा आहे. वडील पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप घेतात. तो पूर्वीसारखा लागू पडत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. त्यातच मेडिकलवाल्याने सांगितलं, की दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारी हृदयाची गोळी) चालत नाही. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे का?"

आहे, आणि अगदी जवळचा आहे. फक्त सुरुवात पंपापासून न करता रेणूपासून करू या, म्हणजे पंपाची गोष्ट पुढे सोपी जाईल.

ॲड्रेनालिनच्या रेणूवर "धडधड" किंवा "सैल हो" असं काही लिहिलेलं नसतं. सोलापूरकराला सांगायचं तर तो गिरणीचा भोंगा आहे. भोंगा एकच वाजायचा. तो ऐकून पहिल्या पाळीचा कामगार डबा उचलायचा, सुटणाऱ्या पाळीचा हात धुवायला निघायचा आणि गेटसमोरचा चहावाला आधण चढवायचा. भोंग्यात ना डबा होता ना चहा. अर्थ होता तो ऐकणाऱ्याच्या ठरलेल्या कामात. पेशीपुरतं बोलायचं तर हा अर्थ तीन ठिकाणी ठरतो: ऐकायला कोणता रिसेप्टर (निरोपाचा रेणू ओळखणारं पेशीचं प्रथिन) आहे, त्याला आतून कोणती यंत्रणा जोडली आहे, आणि त्या यंत्रणेच्या टोकाशी कोणती प्रथिनं कामाला हजर आहेत. चौथी बाब म्हणजे निरोप पुसला कसा जातो. पुस्तकं ती अर्ध्या पानात उरकतात, पण विषबाधा, पटकी आणि "औषध लागू पडत नाही" या तक्रारी बहुतेक तिथूनच निघतात.

रिसेप्टर ही कल्पना जुनी आहे. १९०५ साली केंब्रिजच्या जॉन लँग्लीने स्नायूत एखादा "ग्रहण करणारा पदार्थ" असावा असं मांडलं. पुढच्याच वर्षी हेन्री डेलने एक प्रयोग छापला, जो आजही तुमच्या व्हायव्हात विचारतात. ॲड्रेनालिन दिलं की प्राण्याचा रक्तदाब चढतो. पण आधी अरगट बुरशीचा अर्क (आपल्याकडे बाजरीच्या कणसावर येते तिचीच चुलतबहीण) देऊन मग ॲड्रेनालिन दिलं, तर रक्तदाब उलट उतरतो. रेणू तोच, प्राणी तोच, परिणाम उलटा. याचा उलगडा व्हायला १९४८ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत रेमंड ॲलक्विस्टने ॲड्रेनालिनच्या जातीतली काही अमाइनं वेगवेगळ्या अवयवांवर वापरून कोणतं किती जोरकस ते लावून पाहिलं. क्रम एक न येता दोनच ठराविक क्रम आले. एका क्रमाच्या रिसेप्टरला त्याने अल्फा म्हटलं, दुसऱ्याला बीटा. औषधशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकाने तो लेख साभार परत केला आणि तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. डेलच्या प्रयोगाचं कोडं इथे सुटतं: अरगटने अल्फा बंद केले, म्हणजे रक्तवाहिनी आवळायचा कान बंद झाला आणि ती सैल करणारा बीटा तेवढा उघडा राहिला.

१९६७ साली बीटाचेही दोन भाग झाले. पाठ करायला सोपं: हृदय एक म्हणून बीटा-१, फुप्फुसं दोन म्हणून बीटा-२. पूर्ण खरं नाही, कारण हृदयातही थोडे बीटा-२ असतात. वडिलांना पंप जास्त घेतल्यावर छातीत धडधड होत असेल, तर त्यात या थोड्यांचाही वाटा आहे. हाताला जे कापरं भरतं ते मात्र हाडांवरच्या स्नायूंतल्या बीटा-२ मुळे. मेंदूशी त्याचा संबंध नाही.

आता पंपाचा एक फवारा श्वासनलिकेच्या भिंतीतल्या एका गुळगुळीत स्नायूपेशीपाशी पोचला असं धरून आत काय होतं ते पाहू. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. त्यातलं बरंचसं तोंडात आणि घशात चिकटतं, खाली जातं ते थोडंच.

बीटा-२ रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची एक साखळी. बाहेरच्या बाजूला सात खांबांच्या मध्ये एक खोबण असते, तिथे ॲड्रेनालिनची नक्कल करणारं साल्ब्युटामॉल बसतं. ते पेशीत शिरत नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. उत्तरपत्रिकेत "औषध पेशीत जाऊन" असं लिहून मुलं हमखास मार्क घालवतात. रेणू बाहेर बसला की सहाव्या खांबाचं आतलं टोक बाहेरच्या बाजूला सुमारे १४ अँगस्ट्रॉम सरकतं. केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे ही हालचाल. निरोप आत जातो तो एवढ्याशा हालचालीवर. ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २०११ साली जी-प्रथिनाला चिकटलेल्या अवस्थेत या रिसेप्टरची स्फटिकरचना काढली तेव्हा हे डोळ्यांना दिसलं. पुढच्या वर्षी त्यांना आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खांब सरकल्यावर आतल्या बाजूला जी फट पडते, तिच्यात रिसेप्टरचा निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन अडकतं. त्याचे तीन भाग: अल्फा, बीटा, गॅमा. (या अल्फा-बीटाचा रिसेप्टरच्या अल्फा-बीटाशी काही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा विचार केलेला नाही.) शांत असताना अल्फा भागाच्या मुठीत जीडीपी नावाचा छोटा रेणू असतो. रिसेप्टर ती मूठ सैल करतो, जीडीपी सुटतो आणि पेशीत मुबलक असलेला, एक फॉस्फेट जास्त असलेला जीटीपी त्या जागी बसतो. तो बसला की अल्फा भाग इतर दोघांपासून सुटून आवरणाच्या आतल्या अंगाने सरकत ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला जाऊन भिडतो. ते एन्झाइम एटीपी या पेशीच्या ऊर्जेच्या रेणूपासून सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आतला निरोप्या, बनवू लागतं. चार सायक्लिक एएमपी मिळून प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, या एन्झाइमवरचं झाकण काढतात. मोकळा झालेला पीकेए दिसेल त्या ओळखीच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवत सुटतो. आपल्या स्नायूपेशीत त्यामुळे आतलं कॅल्शियम उतरतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात आणि आकुंचनाची यंत्रणा कॅल्शियमला पूर्वीइतकी दाद देत नाही. स्नायू सैल, नळी रुंद, घरघर कमी. फवाऱ्यापासून इथपर्यंत साधारण पाच मिनिटं लागतात.

हृदयाच्या पेशीत बीटा-१ वर ॲड्रेनालिन बसलं की अक्षरशः हीच साखळी चालते. तेच जी-प्रथिन, तेच सायक्लिक एएमपी, तोच पीकेए. तरी स्नायू सैल न पडता अधिक जोराने आवळतो. कारण तिथे पीकेएच्या हाताशी वेगळी प्रथिनं असतात. पीकेएमुळे कॅल्शियमच्या वाहिन्या जास्त उघडतात, म्हणून प्रत्येक ठोक्याला जास्त कॅल्शियम आत येतं. फॉस्फोलॅम्बन नावाचा एक ब्रेक असतो, तोही पीकेए सोडवतो, म्हणून कॅल्शियम झटपट कोठारात परतही जातं आणि दोन ठोक्यांतलं अंतर कमी करता येतं. हृदयाची गती ठरवणाऱ्या गाठीत तर सायक्लिक एएमपी काही वाहिन्यांना थेट चिकटून ठोके वाढवतं. "सायक्लिक एएमपी वाढलं की स्नायू आकुंचतो" असं सरसकट लिहू नका. कोणता स्नायू ते आधी लिहा.

कातडीतल्या रक्तवाहिनीवर रिसेप्टरच वेगळा, अल्फा-१. त्याला जोडलेलं जी-प्रथिनही वेगळं. ते ॲडेनिलिल सायक्लेजकडे न जाता फॉस्फोलायपेज सी जागं करतं, आवरणातल्याच एका लिपिडचे दोन तुकडे होतात, त्यातला आयपी-३ हा तुकडा कोठारातलं कॅल्शियम सोडवतो आणि वाहिनी आवळते. भीतीने माणूस पांढराफटक पडतो तो याच वाटेने. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं: कातडी आणि श्वासनलिका यांच्यात फरक रिसेप्टरचा, तर श्वासनलिका आणि हृदय यांच्यात फरक शेवटच्या प्रथिनांचा.

यकृतात हीच साखळी ग्लायकोजेन फोडून साखर सोडते. अर्ल सदरलँडने सायक्लिक एएमपी शोधलं ते यकृतावरच काम करताना, १९५०च्या दशकात. १९७१चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. इथे पाहण्यासारखी गोष्ट गुणाकाराची आहे. एक रिसेप्टर अनेक जी-प्रथिनं सोडवतो, एक सायक्लेज अनेक सायक्लिक एएमपी बनवतं, एक कायनेज अनेक एन्झाइमांना हलवतो. पाठ्यपुस्तकांत ढोबळ आकडा देतात: ॲड्रेनालिनच्या एका रेणूमागे ग्लुकोजचे दहा कोटींच्या घरातले रेणू.

सगळेच रिसेप्टर इतक्या पायऱ्या चढत नाहीत. शेंगाचटणीचा ठसका घ्या. तिखटातलं कॅप्सेसिन जिभेवरच्या मज्जातंतूत टीआरपीव्ही-१ नावाच्या वाहिनीवर बसतं. वाहिनी स्वतःच दरवाजा असल्यामुळे सोडियम आणि कॅल्शियम लगेच आत घुसतात. मध्ये कोणी निरोप्या नाही. हाच दरवाजा साधारण ४३ अंश सेल्सिअसला उष्णतेनेही उघडतो, म्हणून तिखट आपल्याला "भाजतं". पाणी प्यायल्याने ते जात नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही-ताक बरं. आणि पोपट मिरची आरामात खातो, कारण पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-१ मध्ये कॅप्सेसिनला दाद देणारी रचनाच नाही. पुन्हा तेच: मिरचीत जाळ नाही, तो घेणाऱ्याकडे आहे.

दुसऱ्या टोकाला स्टेरॉइड. दम्याच्या पंपातल्या बुडेसोनाइडसारखा रेणू तेलकट असल्यामुळे आवरणातून थेट आत जातो, आत वाट बघत असलेल्या रिसेप्टरला भेटतो आणि दोघे मिळून केंद्रकात जाऊन कोणती जनुकं वाचायची ते बदलतात. नवी प्रथिनं तयार व्हायला तास लागतात, रुग्णाला फरक जाणवायला दिवस ते आठवडे. "स्टेरॉइडचा पंप घेतला, काहीच झालं नाही, म्हणून सोडला" ही तक्रार इथून येते. त्या पंपाकडून पाच मिनिटांची अपेक्षा ठेवणं मुळातच चूक आहे.

पेशीला एका वेळी एकच निरोप मिळत असता तर दमा हा आजार सोपा असता. वडिलांच्या श्वासनलिकेतल्या त्याच स्नायूपेशीवर ॲसिटिलकोलीनचे (मज्जातंतू सोडतात तो निरोप) एम-३ रिसेप्टर आणि हिस्टामिनचे (ॲलर्जीत सुटणारा निरोप) एच-१ रिसेप्टरही असतात. दोन्ही कॅल्शियम वाढवून नळी आवळतात. ॲसिटिलकोलीनचाच एम-२ रिसेप्टर तर सायक्लिक एएमपी बनवण्यालाच खीळ घालतो. पेशी या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करते. सुताच्या धुळीची भर पडते ती वेगळ्या दारातून. कापसाच्या धुळीत जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, असतात. ते टीएलआर-४ या रिसेप्टरवर बसतात. हा रिसेप्टर जंतूची चाहूल घेण्यासाठी असतो. जंतू मेलेला आहे की जिवंत, हे त्याला कळत नाही. मग सुजेचे निरोप सुटतात, अस्तर फुगतं, कफ दाटतो. पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत जुन्या कामगारांना सुट्टीनंतर सोमवारी छाती जखडल्यासारखी वाटायची, तो बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. विणकामात धूळ त्या मानाने कमी, पण टेरी टॉवेलच्या मागावर लव बरीच उडते. वडिलांना सोमवारी त्रास जास्त आणि आठवड्याच्या शेवटी कमी होत असेल, तर डॉक्टरांना हा वार आवर्जून सांगा. निदानाच्या दृष्टीने तो कामाचा दुवा आहे.

आता निरोप पुसण्याकडे. जी-प्रथिनाचा अल्फा भाग हातातला जीटीपी स्वतःच फोडून जीडीपी करतो आणि गप्प होतो. सायक्लिक एएमपी फॉस्फोडायएस्टरेज नावाची एन्झाइमं मोडतात. चिकटलेले फॉस्फेट फॉस्फटेज काढतात. रक्तातलं ॲड्रेनालिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, त्याला मोडणाऱ्या एन्झाइमांपैकी एक सीओएमटी. साल्ब्युटामॉल बनवणाऱ्यांनी नेमकं या एन्झाइमला जिथे पकडता येतं तो हायड्रॉक्सिलचा जोड बदलला, म्हणून ते चार ते सहा तास टिकतं. थिओफिलिनची गोळी फॉस्फोडायएस्टरेज अडवते, म्हणजे निरोप वाढवत नाही, पुसणाऱ्याचा हात धरते. (चहाने छाती मोकळी होते हा जुन्या लोकांचा अनुभव अगदीच पोकळ नाही. कॅफिन थोडीफार नळी सैल करतं, म्हणूनच फुप्फुसांच्या तपासणीआधी चहा-कॉफी घेऊ नका असं सांगतात. औषध म्हणून मात्र तो जोर पुरणार नाही.)

पुसणारी पायरीच बिघडली की काय होतं, याचं सर्वांत कडक उदाहरण पटकी. एकेकाळी पंढरीच्या वारीत पटकीची साथ ही ठरलेली भीती होती. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं की हा आजार पटकीच्या जंतूने सोडलेल्या विषामुळे आतड्यातच होतो. ते विष आतड्याच्या पेशीत शिरून जी-प्रथिनाच्या अल्फा भागावर एक गट चिकटवतं, त्यामुळे त्याला जीटीपी फोडताच येत नाही. स्विच चालू राहतो, सायक्लिक एएमपी भरून वाहतं, क्लोराइडची वाहिनी उघडीच राहते आणि क्लोराइडमागे सोडियम व पाणी. तीव्र रुग्णात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जलसंजीवनी चालते ती हा स्विच बंद करून नव्हे. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र ओढून घेणारा वेगळा दरवाजा त्या पेशीत शाबूत असतो, त्याचा ती फायदा घेते. म्हणूनच लिटरला २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असं मोजमाप असतं. घरी करायची तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर जास्त घातली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

द्राक्षं आणि डाळिंबाच्या पट्ट्यात, पंढरपूर-सांगोल्याकडे, पुसण्याचा दुसरा बिघाड दिसतो: ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम गोठतं आणि निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, टाचणीएवढी बाहुली, छातीत खळखळणारा स्राव, स्नायूंची फडफड. ॲट्रोपिन ते विष काढत नाही, रिसेप्टरवर बसून कान बंद करतं, म्हणून छाती कोरडी होईपर्यंत डोस वाढवत देतात. स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे असल्यामुळे फडफड आणि अशक्तपणा ॲट्रोपिनने जात नाही. माणूस फवारणी करताना कोसळला तर कपडे काढून अंग साबणाच्या पाण्याने धुवा, मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत, बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा. उलटी करवू नका.

आता पंप. निरोप सतत आदळत राहिला तर पेशी कान झाकते, हे खरं आहे. व्यापलेल्या रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर जीआरके नावाचं कायनेज फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन येऊन बसतं, जी-प्रथिनाची जागा अडते आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. मिनिटांत हे घडतं आणि उलटवताही येतं. दिवसेंदिवस मारा चालू राहिला तर रिसेप्टर मोडीतच निघतात. पण इथे एक बारकावा आहे जो बरेच जण चुकवतात. श्वासनलिकेचा स्नायू या बाबतीत बऱ्यापैकी चिवट आहे. सैल होण्याचा गुण तो सहजी सोडत नाही. आधी कमी होतं ते संरक्षण: धूळ किंवा धूर लागल्यावर नळी एकदम आवळू न देण्याची ताकद. शिवाय हिस्टामिन सोडणाऱ्या मास्ट पेशी स्नायूपेक्षा लवकर बहिऱ्या होतात. म्हणून "पंप घेतल्यावर मोकळं वाटतं, पण हल्ली धूळ सोसत नाही" असं चित्र दिसतं. आणि सूज व कफ यांवर साल्ब्युटामॉलचं काही चालत नाही. फुगलेलं अस्तर स्नायू सैल केल्याने ओसरत नाही.

तरीही "लागू पडत नाही" असं ऐकल्यावर रिसेप्टरचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी पंप कसा घेतात ते समोर बसवून पाहा. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, श्वास हळू आत घ्यायला लागल्यावर दाबायचं, चार-पाच सेकंद खोल ओढत राहायचं आणि दहा सेकंद रोखून धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा वरून पांढरी वाफ दिसली तर औषध हवेत गेलं. हात आणि श्वास जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावा. तो परवडत नसेल तर ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून, पंप तिथे घट्ट बसवून, बाटलीच्या तोंडाने श्वास घेतला तरी काम भागतं. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवायचा. पुसला की स्थिर विजेने औषध भिंतीला चिकटतं. कॅप्सूल टोचून ओढायचा पंप असेल तर रीत उलटी, श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा. ती कॅप्सूल गिळणारे लोकही असतात, विचारून घ्या.

मग पंप रिकामा आहे का ते बघा. डबीत २०० फवारे असतात. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसतो, म्हणून आवाजावर जाऊ नका, आणि पाण्यात तरंगते का हे पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर डबीवर सुरुवातीची तारीख लिहून हिशेब ठेवा. तीसच्या वर तापमानात तो ठेवायचा नसतो; सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही.

हा हिशेब आणखी एका कारणासाठी हवा. वर्षाला २०० फवाऱ्यांच्या तीन किंवा जास्त डब्या लागत असतील तर दम्याचे झटके येण्याचा धोका वाढलेला असतो, बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचाही. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार करू नका असं सांगतात. सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच, किंवा बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल (हेही बीटा-२ वरच बसणारं औषध) एकत्र असलेला. स्टेरॉइड सूज उतरवतं, आणि बीटा-२ रिसेप्टरचं जनुक अधिक वाचायला लावून घटलेले रिसेप्टर भरूनही काढतं. म्हणजे दोन औषधं एकमेकांच्या कामाला लागतात. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा फवाऱ्याचा गुण चार तासही टिकत नसेल, तर दवाखान्यात निघा. वाटेत स्पेसरमधून एकेक करून ४ ते १० फवारे, दर २० मिनिटांनी, पहिल्या तासापुरते देता येतात.

राहिला प्रोप्रानोलॉल. ते बीटा-१ आणि बीटा-२ दोन्हींच्या खोबणीत बसतं, पण खांब सरकवत नाही; जागा अडवून बसणारा प्रवासी. हृदयाला त्याचा उपयोग होतो, जेम्स ब्लॅकने ते बनवलं त्यासाठीच. दमेकऱ्याची श्वासनलिका मात्र ॲड्रेनालिनच्या आधारावर कशीबशी उघडी असते. तो आधार गेला की ॲसिटिलकोलीन आणि हिस्टामिन यांना रान मोकळं. वर साल्ब्युटामॉलचा फवारा मारला तर खोबण आधीच भरलेली. मेडिकलवाल्याचं बरोबर आहे. अर्धशिशी, थरथर, परीक्षेची धडधड अशा कारणांसाठी घरात पडलेली ही गोळी वडिलांच्या हाती लागू देऊ नका. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही औषधं बीटा-१ कडे झुकलेली आहेत, पण डोस वाढला की झुकाव कमी होतो. ती डॉक्टरांनीच ठरवावीत, आणि हृदयासाठी चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नयेत. ज्याची कोणी चौकशी करत नाही ते म्हणजे काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि तोही बीटा-२ अडवतो. वडील डोळ्यांचे थेंब घेत असतील तर बाटलीवरचं नाव वाचा.

बीटा अडवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला मधमाशी चावून किंवा इंजेक्शनची रिॲक्शन येऊन रक्तदाब कोसळला, तर मांडीत दिलेलं अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन नेहमीसारखं उचल घेत नाही. तेव्हा दवाखान्यात शिरेतून ग्लुकागॉन (स्वादुपिंडाचं एक संप्रेरक) देतात, मोठ्या माणसाला १ ते ५ मिलिग्रॅम, पाचेक मिनिटांत सावकाश. ग्लुकागॉन बीटा रिसेप्टरच्या वाट्यालाच जात नाही. हृदयाच्या पेशीवर त्याचा स्वतःचा रिसेप्टर असतो, आणि त्याला आतून जोडलेलं असतं तेच जी-प्रथिन, तेच ॲडेनिलिल सायक्लेज.